‘ब्लड कॅन्सर’ एवढंच छापू नका, कुठला ते पण विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मदतीची आवाहनं छापता आणि गोव्यातली माणसं ती वाचून खरंच पैसे पाठवतात, कोण पाचशे कोण पाच हजार, त्यामुळे हे पत्र कृपया तक्रार म्हणून वाचू नका. पण मागच्या पंधरवड्यात एका दीड वर्षाच्या मुलाचं आवाहन आलं होतं, त्यात आजाराच्या नावाला ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच, आणि दोन-तीन दिवसांनी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की कॅन्सर आहे हे कळल्यावर ट्रीटमेंट चालू करायची सोडून डॉक्टर जीनच्या टेस्ट कसल्या करत बसतात, रिपोर्टला तीन-तीन आठवडे लावतात, हा सगळा पैसे काढायचा धंदा. त्या गृहस्थांचा राग मला समजतो. पण त्यांचं म्हणणं निदान एका आजाराच्या, लहान मुलांच्या जेएमएमएल नावाच्या ल्युकेमियाच्या बाबतीत साफ उलटं आहे, आणि तो आजार आमच्या घरात आलेला आहे म्हणून लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, ते आधीच सांगते. सरकारी लॅब टेक्निशियन होते, सगळी नोकरी सत्तरी-डिचोलीच्या बाजूला हेल्थ सेंटरांत गेली, जेएसबी स्टेन लावून मलेरियाच्या स्लाइडा बघण्यात, आणि मागच्या काही वर्षांत काजूच्या सीझनला माकडतापाची, म्हणजे जंगलातल्या गोचिडीमुळे येणाऱ्या तापाची, सॅम्पलं गोळा करण्यात. आमच्याकडे लहान मुलाला ताप आला, पोट जरा फुगलेलं दिसलं, प्लेटलेट कमी आल्या की आधी मलेरिया, मग डेंग्यू, मग माकडताप ह्याच क्रमाने डोकं चालतं आणि ते बरोबरही आहे, शंभरातल्या नव्याण्णव वेळा तेच निघतं. माझ्या भाचीच्या मुलाचं पण तसंच धरलं सगळ्यांनी. सात-आठ महिन्यांचं बाळ, ताप येतो-जातो, खोकला सुटत नाही, रंग पांढराफटक, पोट एका बाजूने कडक. घरातल्या म्हाताऱ्यांनी दिष्ट काढून झाली, जंत म्हणून वावडिंग झालं. मग सीबीसी झाली, मशीनच्या प्रिंटआउटवर पांढऱ्या पेशी वाढलेल्या, कोणीतरी ‘व्हायरल’ म्हणून सोडून दिलं. मला व्हॉट्सअपवर रिपोर्टचा फोटो आला तेव्हा माझी नजर मोनोसाइटच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराच्या, आकड्यावर गेली. डेंग्यू-माकडतापात पांढऱ्या पेशी बहुतेक करून खाली जातात, इथे त्या वर होत्या आणि मोनोसाइट मायक्रोलिटरमागे हजाराच्या कितीतरी पुढे. मी म्हटलं आधी कोणीतरी डोळ्याने स्लाइड बघा, मशीनवर नको. स्लाइड बघितली तर कच्च्या पेशी, केंद्रक असलेल्या लाल पेशी, सगळाच गोंधळ. तिथून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि बांबोळीहून मुंबई, परळ.

आजाराचं नाव जुवेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया, सगळे जेएमएमएल म्हणतात. अगदी लहान मुलांचा आजार, साधारण दोन वर्षांच्या आसपास सापडतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीने जास्त. किती दुर्मिळ म्हणाल तर दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसरं. गोव्यात पंधरा वर्षांखालची मुलं तीन लाखांच्या आसपास धरली तर दोन-तीन वर्षांत एक केस झाली, म्हणजे इथल्या एखाद्या चांगल्या बालरोगतज्ज्ञाने पूर्ण करिअरमध्ये एकच बघितली असेल किंवा बघितलीही नसेल, त्यात त्याचा काही दोष नाही. लोक मुलांचा ल्युकेमिया म्हणून जे ऐकून असतात तो बहुतेक वेळा एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, तो ह्याच्यापेक्षा कितीतरी कॉमन, त्यात केमो ठरलेल्या पद्धतीने दोन-अडीच वर्षं चालते आणि श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. म्हणून लोकांना वाटतं ब्लड कॅन्सर म्हणजे लगेच केमो. जेएमएमएलला नेहमीच्या केमोने बरं करता येत नाही. काबूत ठेवता येतं काही दिवस, मुळापासून जात नाही. म्हणजे ‘लगेच चालू करा’ म्हणणाऱ्यांनी नेमकं काय चालू करायचं ते पण सांगायला पाहिजे.

आता जीनचा विषय. ह्या आजारात रक्तपेशींना ‘वाढा’ असा सिग्नल आत नेणारी एक साखळी असते, तिला रास पाथवे म्हणतात, आणि जवळजवळ नव्वद टक्के मुलांत त्या साखळीतल्या पाचपैकी एका जीनमध्ये बिघाड सापडतो. पीटीपीएन-11, एनआरएएस, केआरएएस, एनएफ-1 आणि सीबीएल अशी ती नावं. घराच्या गच्चीवरच्या टाकीचा पंप समजा, टाकी भरली की आपोआप बंद व्हायला पाहिजे तो होतच नाही, आता बिघाड स्विचमध्ये आहे की फ्लोटमध्ये की वायरिंगमध्ये, खाली अंगणात बघणाऱ्याला पाणी वाहताना तेवढंच दिसतं. रास जीन, म्हणजे एनआरएएस आणि केआरएएस, हे स्वतः स्विच, एनएफ-1 चं काम तो स्विच ऑफ करायचं, सीबीएलचं काम सिग्नल घेणारे रिसेप्टर वेळच्या वेळी मोडीत काढायचं, आणि पीटीपीएन-11 जे प्रोटीन बनवतो ते स्विच चालू ठेवायला मदत करतं. चारही ठिकाणचा बिघाड बाहेरून एकसारखाच दिसतो, तीच मोठी पानथरी म्हणजे प्लीहा, तेच मोनोसाइट, तोच ताप. पण पुढे मुलाचं काय होणार हे मात्र बिघाड कुठे आहे त्यावर ठरतं, आणि खूप ठरतं.

सगळ्यात जास्त मुलांत, साधारण तिसऱ्या हिश्श्यात, पीटीपीएन-11 मध्ये बिघाड असतो आणि तो फक्त रक्ताच्या पेशींत असतो, म्हणजे जन्मानंतर किंवा पोटात असताना रक्तातच कुठेतरी झालेला. ही मुलं थांबू शकत नाहीत. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी घालणं, झालं नाही तर बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्षाच्या पुढे जात नाहीत, प्लीहा वाढत जाते, प्लेटलेट पडत जातात, फुफ्फुसात पेशी भरतात. एनएफ-1 वाल्यांचंही तसंच, डोनर शोधायला लगेच लागायचं. केआरएएसवाल्यांना पण बहुतेक ठिकाणी ट्रान्सप्लांटच सांगतात. एनआरएएसमध्ये मात्र सरळ उत्तर नाही, काही मुलं फार जोरात जातात आणि काही, विशेषतः लहान वयाची, प्लेटलेट बऱ्या असलेली, हिमोग्लोबिन एफ (बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन) न वाढलेली, अशी वर्षानुवर्षं काही न करता ठीक राहिलेली आहेत, तिथे डॉक्टरांचा अनुभव लागतो.

आणि मग सीबीएल. साधारण दहा-पंधरा टक्के मुलं. ह्यांच्यात बिघाड बहुतेक वेळा जन्मापासून सगळ्या शरीरात असतो आणि ह्यातल्या बऱ्याच मुलांचा आजार आपोआप ओसरत जातो! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसला नाही, कॅन्सर आणि आपोआप. पण तसं आहे, 2009-10 च्या सुमारास सीबीएलचं कोडं सुटलं तेव्हापासून जगभरच्या तज्ज्ञांचं हेच मत झालंय की अशा मुलाला आधी थांबून बघायचं, दर काही आठवड्यांनी काउंट, प्लीहा मोजायची, वजन बघायचं, आणि तब्येत बिघडत चाललीच तरच ट्रान्सप्लांट. भाचीच्या मुलाचा रिपोर्ट सीबीएल आला. आता तो चार वर्षांचा आहे, मोनोसाइट खाली आलेत, प्लीहा जवळजवळ लागत नाही हाताला. मात्र सुटला असं नाही, सीबीएलवाल्या काही मुलांना मोठेपणी रक्तवाहिन्यांना सूज येते त्यामुळे बीपी, डोळे, हार्टचा इको हे चालूच राहणार.

विचार करा, रिपोर्ट यायच्या आधी आम्ही घाई केली असती तर. गावातली माणसं तयारच होती, कार्यक्रम करून पैसे गोळा करायला निघालेली, रोज फोन, ‘दोतोरान कितें सांगलें?’ आणि दोतोर काय सांगत होते, तर थांबा. थांबा म्हटलं की लोकांना वाटतं पैसे नाहीत म्हणून घरी पाठवलं. भाचीच्या सासूबाई देवळात कौल लावून आल्या आणि कौल उजवा आला म्हणून जरा शांत बसल्या तेवढंच. ट्रान्सप्लांट म्हणजे सलाइनची बाटली लावणं नव्हे. युरोपातल्या 100 मुलांचा अभ्यास 2005 साली आला, तो ह्या आजारातला मैलाचा दगड मानतात, त्यात ट्रान्सप्लांटनंतर पाच वर्षांनी आजार परत न येता जगलेली मुलं 52 टक्के होती, परत उलटून पुन्हा उपचार घेऊन जगलेली धरली तर 64 टक्के. सुमारे 35 टक्क्यांत आजार उलटला आणि 13 टक्के मुलं आजाराने नाही तर ट्रान्सप्लांटच्या त्रासानेच गेली. ज्या मुलाला दुसरा रस्ता नाही त्याच्यासाठी हे आकडे फार मोठी आशा आहेत. ज्याचा आजार स्वतःहून ओसरणार आहे त्याला मात्र त्या 13 टक्क्यांच्या धोक्यात कशाला लोटायचं?

ह्यात अजून एक गुंतागुंत आहे आणि ती मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. पीटीपीएन-11 हाच जीन नूनन सिंड्रोम नावाच्या जन्मजात आजारात पण बिघडलेला असतो, ते 2001 साली सापडलं आणि जेएमएमएलमधला त्याचा हात 2003 साली. नूननची मुलं ठेंगणी राहतात, हार्टच्या व्हॉल्वचा प्रॉब्लेम असतो, चेहऱ्याची ठेवण जरा वेगळी, आणि त्यातल्या काहींना बाळपणी अगदी जेएमएमएलसारखं रक्त दिसतं जे बहुतेक वेळा आपोआप जातं. म्हणजे त्याच जीनमध्ये बिघाड नुसता रक्तात असला तर धावायचं आणि सगळ्या शरीरात असला तर बहुधा थांबायचं. मग हे कळणार कसं? रक्ताच्या सॅम्पलमध्ये नुसता बिघाड आहे एवढंच कळतं, तो रक्तापुरता आहे की सगळीकडे ते कळायला शरीराचा रक्त नसलेला भाग लागतो. लाळ चालत नाही कारण लाळेतही रक्ताच्या पेशी असतात. मुळासकट उपटलेले केस, नखं, नाहीतर कातडीचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या. आमच्या बाळाचं नुकतंच जावळ काढून आणलेलं, केस आणायचे कुठून, मुंबईच्या डॉक्टरांनी डोक्यावरून हात फिरवला आणि हसले, शेवटी कातडीचाच तुकडा घेतला. पेशी वाढायला आठवडे लागतात, म्हणून तो रिपोर्ट यायला वेळ लागतो, कोणी फाइल दाबून ठेवत नाही.

परळला राहिलो तिथे दोडामार्गकडचं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी तीन वर्षांची, पोटावर-पाठीवर जन्मापासून दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग. गावात म्हणे कोणी ते शुभ म्हणायचे. तिला एनएफ-1. तिच्या वडिलांच्या अंगावर पण तसेच डाग आणि बारीक गाठी होत्या, त्यांना आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं की हा आजार आहे आणि तो पोरांत उतरू शकतो. आजाराचं नाव आमचं-त्यांचं एकच, वॉर्ड एकच, डॉक्टर तेच, आणि आम्हाला सांगितलं थांबा, त्यांना सांगितलं एक दिवस घालवू नका. सुरुवातीला त्यांना वाटलं गोव्यातल्या लोकांना वेगळी वागणूक, भाचीला वाटलं आपल्या बाळाकडे लक्ष नाही. भाचीला आणि त्या मुलीच्या आईला एकत्र बसवून कोणीतरी ते जीनचं समजावलं तेव्हा कुठे शांत झाल्या. त्या मुलीचं ट्रान्सप्लांट झालं, काही महिन्यांनी आजार उलटला, परत दुसऱ्यांदा ट्रान्सप्लांट झालं. आता ती बालवाडीत जाते आणि फोनवर माझ्याशी मालवणीत भांडते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. जीनशिवाय वय बघतात, मोठ्या मुलांत आजार जास्त वाईट जातो, निदानावेळी प्लेटलेट किती आणि हिमोग्लोबिन एफ किती ते बघतात, क्रोमोसोम 7 पैकी एक गायब आहे का बघतात कारण चारातल्या साधारण एका मुलात तो गायब असतो. मुख्य बिघाडाच्या जोडीला दुसरे बिघाड साठत गेले असतील तर ते वाईट लक्षण, हे 2015 पर्यंत पुरतं स्पष्ट झालं. आणि 2017-18 च्या सुमारास जर्मनी, अमेरिका आणि जपानमधल्या टीमनी डीएनएवर ज्या रासायनिक खुणा चिकटतात, म्हणजे मेथिलेशन, त्यावरून ह्या मुलांचे गट पाडले, मेथिलेशन कमी असलेल्यांत आपोआप ओसरणारे जास्त आणि जास्त मेथिलेशनवाल्यांत ट्रान्सप्लांटनंतरही उलटायची भीती जास्त. ही टेस्ट आपल्याकडे रोजच्या वापरात यायला वेळ लागेल पण दिशा तीच आहे.

औषधांतही त्यामुळेच थोडी हालचाल झाली. मेथिलेशन कमी करणारं अझासायटिडिन नावाचं इंजेक्शन, मोठ्यांच्या रक्ताच्या आजारांत आधीपासून वापरतात, ते जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या डॉ. शार्लोट निमायर ह्यांच्या ग्रुपने जेएमएमएलच्या 18 मुलांना ट्रान्सप्लांटच्या आधी देऊन बघितलं, 11 जणांचा आजार तीन सायकलमध्ये बराच खाली आला आणि 17 जण ट्रान्सप्लांटपर्यंत पोचले. 2022 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने त्याला ह्या आजारासाठी मंजुरी दिली. म्हणजे ज्याला धावायचं आहे त्या मुलालाही डोनर मिळेपर्यंत सांभाळायचं काहीतरी साधन आहे आणि रिपोर्टची वाट बघताना मूल फारच आजारी असेल तर डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाहीत, रक्त देतात, प्लेटलेट देतात, गरज पडली तर औषध चालू करतात, शिवाय आईवडिलांचं एचएलए टायपिंग, म्हणजे डोनर जुळतो का बघायची टेस्ट, त्याच वेळी पाठवून देतात. तीन आठवडे फुकट जातात हे खरं नाही.

आणि कृपा करून ते ‘ब्लड कॅन्सरवर गोळी निघाली’ वाले फॉरवर्ड पाठवू नका. ती गोळी इमॅटिनिब, 2001 मध्ये आली, ज्यांच्या रक्तात फिलाडेल्फिया क्रोमोसोम आहे त्यांच्यासाठी ती खरंच वरदान ठरली. जेएमएमएलमध्ये तो क्रोमोसोम नसतोच, उलट तो नाही ह्याची खात्री झाल्यावरच जेएमएमएल म्हणतात. भाचीला असे फॉरवर्ड इतक्या लोकांकडून आले की एकदा तिने डॉक्टरांनाच दाखवले, ते बिचारे शांतपणे समजावत बसले.

डोनरचा विषय पण जीनशी जोडलेला आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. समजा जुळलं, पण बिघाड जन्मजात आहे आणि त्या भावंडातही तोच बसलेला आहे, तर त्याचाच मॅरो दिल्यावर काय होणार? म्हणून सीबीएल आणि एनएफ-1 मध्ये डोनर होणाऱ्या नातेवाइकाची पण टेस्ट करतात. भावंड नाही जुळलं तर रजिस्ट्री, म्हणजे मॅरो द्यायला तयार असलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, दात्री किंवा डीकेएमएस, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नोंदणी होते, गोव्यातल्या कॉलेजच्या मुलांनी हे करायला खरंच हरकत नाही. तेही नाही जुळलं तर आई किंवा बाप अर्धा जुळतोच, त्यावर पण आता ट्रान्सप्लांट होतात. अजून एक, ट्रान्सप्लांट होईल असं वाटत असेल तर आईवडिलांनी आणि सख्ख्या नातेवाइकांनी त्या मुलाला स्वतःचं रक्त देऊ नये, शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसतं. आमच्याकडे मामा-काका सगळे बाह्या वर करून ब्लड बँकेत हजर, नको म्हटल्यावर रुसले. त्यांनी दुसऱ्या कोणासाठी द्यावं, रक्त कधीच जास्त होत नाही.

सीबीएलचा बिघाड बऱ्याचदा आई किंवा बापाकडून आलेला असतो आणि त्या आईबापाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. आमच्या केसमध्ये तो कोणाकडून आला हे मी इथे लिहिणार नाही. पण रिपोर्ट कळल्यावर शेजारपाजारच्या बायकांनी जे बोलायचं ते आईलाच बोलल्या, रिपोर्ट न वाचताच. जीन कोणी दुकानातून निवडून आणत नाही. असल्या रिपोर्टबरोबर घरच्यांना बसवून समजावणारं माणूस, काउन्सेलर, प्रत्येक ठिकाणी असायला पाहिजे, त्याशिवाय तो कागद घरात भांडण लावतो.

आता पैशाचं, कारण त्या वाचकाचा खरा राग तिथेच होता. आपल्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. गोव्याने हे केलं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण ट्रान्सप्लांटचा खर्च दहा-वीस लाखांच्या घरात जातो, कधी त्याच्या वर, त्याच्या तुलनेत जीन पॅनलचा, म्हणजे ह्या जीनच्या एकत्र टेस्टचा, खर्च काही हजारांचा. आम्ही तो खिशातून भरला, आम्हाला जमलं. मोलमजुरी करणाऱ्या घराला तेवढ्यासाठी थांबावं लागलं तर? सरकारला माझं एवढंच सांगणं आहे की मुलांच्या ल्युकेमियात जीनची टेस्ट, रक्ताची आणि कातडी-केसांची दोन्ही, आणि जन्मजात निघालं तर आईवडील-भावंडांची पण, ही उपचाराचाच पहिला भाग धरा आणि तिचे पैसे सुरुवातीलाच द्या, बिलं नंतर जोडा आणि मग बघू असं नको. हिशेबानेही परवडतं, एका मुलाचं नको असलेलं ट्रान्सप्लांट वाचलं तर त्या पैशात किती मुलांच्या टेस्ट होतील ते वित्त खात्याने काढावं. दोन-तीन वर्षांत एक जेएमएमएल म्हणजे त्याच्यासाठी वेगळी स्कीम काढा असं मी म्हणत नाहीये, सगळ्याच लहान मुलांच्या ल्युकेमियाला हे लागू करा, एएलएलमध्ये पण केमो किती जोरात द्यायची ते ठरवताना आता जीन बघतात.

आणि हेल्थ सेंटरांतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना, दोन वर्षांखालच्या बाळाची प्लीहा लागते आहे, ताप जात नाही आणि मोनोसाइट हजाराच्या वर आहेत तर एक स्मिअर काढून डोळ्याने बघा आणि वर पाठवा. बहुतेक वेळा ते व्हायरलच निघेल, सीएमव्ही किंवा ईबीव्ही, ते पण अगदी असंच दिसतं. निघू दे. स्लाइडला किती खर्च येतो ते तुम्हाला माहिती आहे.

मुंबईला जाणाऱ्या घरांसाठी एक कामाची गोष्ट, कारण बऱ्याच जणांना माहिती नसते. कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना-येताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घेऊन स्टेशनच्या रिझर्व्हेशन काउंटरवर द्यायचा. कोकणकन्याला, मांडवीला सगळीकडे चालतं.

तुमच्याकडे मागणं एकच. आवाहन छापायच्या आधी घरच्यांना विचारा की आजाराचं पूर्ण नाव काय, जीनचा रिपोर्ट आला का, आणि डॉक्टरांनी लेखी काय सांगितलंय, थांबा की ट्रान्सप्लांट. रिपोर्ट आला नसेल तर आधी त्या टेस्टसाठी आवाहन छापा, लाखांचा आकडा नंतर. घरच्यांची परवानगी नसेल तर मुलाचा फोटो आणि गावाचं नाव पण टाळा, आजार जन्मजात निघाला तर पुढे त्या घरातल्या दुसऱ्या मुलांना लग्नाच्या वेळी त्रास होतो, आपला समाज कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको.

त्या दीड वर्षाच्या मुलाला कुठला ल्युकेमिया आहे मला माहिती नाही आणि मी अंदाजही करणार नाही. पण त्याच्या घरच्यांना कोणाशी बोलायचं असेल तर माझा नंबर तुमच्या ऑफिसात ठेवते आहे, त्यांना द्या. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते, भाची पण बोलेल त्यांच्याशी. फाइल सोबत ठेवून फोन करा म्हणावं.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सत्तरी
(मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये ही विनंती)